सर्दी झाली की सूज येते: श्वसनमार्गाचा संसर्ग आणि मुलांचा नेफ्रॉटिक सिंड्रोम

सोनचाफा

नमस्कार. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिने जाऊन अंगावर सूज येणारा मूत्रपिंडाचा आजार, आहे. तो चार वर्षांचा असताना सकाळी उठल्यावर त्याच्या पापण्या सुजलेल्या दिसू लागल्या. दुपारपर्यंत डोळ्यांवरची सूज उतरायची आणि संध्याकाळी पायांत मोज्यांचे वळ खोल उमटायचे. घरी कोणी म्हणाले डोळे येणार असतील, कोणी म्हणाले धुळीची ॲलर्जी असेल, आणि लग्नाला आलेल्या नातेवाइकांनी तर ‘छान बाळसे धरले आहे’ म्हणून कौतुकही केले. शेवटी पोट फुगले आणि लघवी कमी झाली, तेव्हा तपासणीत लघवीतील प्रथिने 4+, म्हणजे खूपच जास्त निघाली. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत लघवी स्वच्छ झाली.

त्यानंतर आजार जेव्हा जेव्हा उलटला, म्हणजे शमून पुन्हा उसळला, तेव्हा त्याआधी सर्दी होतीच. आधी नाक गळते, मग खोकला लागतो, आणि सर्दी ओसरत असतानाच घरी लघवीतील प्रथिने तपासायची पट्टी हिरवी व्हायला लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि थंडीत हे हमखास होते. आमचे डॉक्टर नीट समजावून सांगतात, पण ओपीडीतील गर्दीत सगळे प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून ते येथे मांडते.

सर्दीचे विषाणू मूत्रपिंडात जाऊन इजा करतात का? सर्दी झाल्याबरोबर औषध वाढवले तर आजार उलटणे टळते का? आमच्या शेजारच्या मुलीला घसा दुखल्यानंतर लाल लघवी झाली होती, तो हाच आजार का? घरातील मोठी माणसे म्हणतात की वर्षभर शाळाच बंद ठेवा. त्यात कितपत तथ्य आहे? ज्यांच्या घरी हा आजार आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया लिहावे.

बालवैद्य

ताई, मी नागपूरला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमच्या मुलाला न तपासता औषधाबद्दल काही सांगणार नाही, पण आजाराचे स्वरूप सांगतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सर्दीचा विषाणू नाकाघशातच असतो आणि नेफ्रॉटिक सिंड्रोम उलटतो तेव्हा मूत्रपिंडात जंतू नसतात. म्हणूनच प्रतिजैविके देऊन हा आजार बरा होत नाही. लहान मुलांमध्ये जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंड जवळजवळ निर्दोष दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशिकांना बाहेरून लपेटून असलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशींचे पाय सपाट झालेले दिसतात. या पायांमधील फटींत नेफ्रिन या प्रथिनाचे जाळे असते आणि रक्तातील अल्ब्युमिनला तेच अडवून धरते. जाळे बिघडले की अल्ब्युमिन लघवीत जाते, रक्तात त्याचे प्रमाण घटते, पाणी ऊतींमध्ये साठते आणि सूज येते.

हे जाळे बिघडते कशाने, हा प्रश्न पन्नास वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. 1974 मध्ये शॅलूब या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असा विचार मांडला की दोष मूळ मूत्रपिंडाचा नसून प्रतिकारयंत्रणेतील टी पेशींचा असावा. त्यांच्या आधारांपैकी एक निरीक्षण विलक्षण होते. काही मुलांमध्ये गोवर आल्यानंतर नेफ्रॉटिक सिंड्रोम आपोआप शमत असे, कारण गोवराचा विषाणू टी पेशींची प्रतिक्रिया काही काळ दाबून टाकतो. म्हणजे एका संसर्गाने आजार उसळतो आणि दुसऱ्याने तो दबतो, आणि दोन्ही वेळा घडामोड प्रतिकारयंत्रणेतच होते. (गोवर स्वतः जिवावर बेतू शकतो, त्यामुळे या निरीक्षणावरून कोणी उपचार शोधू नये.) पुढे प्रतिकारयंत्रणेतल्याच बी पेशींवर काम करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाने अनेक मुलांचा आजार दीर्घकाळ शांत राहतो असे दिसले आणि विचार आणखी पुढे सरकला. 2024 मध्ये युरोपातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या आजाराच्या जवळपास निम्म्या मुलांच्या रक्तात थेट नेफ्रिनविरुद्धच्या प्रतिपिंडा (अँटिबॉडी) सापडल्या. आजार जोरात असून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू नसलेल्या मुलांमध्ये तर हे प्रमाण बरेच जास्त होते.

आता सर्दीचा संबंध लक्षात येईल. ज्या मुलाच्या प्रतिकारयंत्रणेत ही चूक आधीपासून दबून आहे, त्याला विषाणूसंसर्ग झाला की सारी यंत्रणा जागी होते आणि तिच्याबरोबर ही चूकही जागी होते. निम्म्याहून अधिक वेळा आजार उलटण्याआधी वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग झालेला असतो, हे अनेक देशांतील निरीक्षण आहे. पण निरोगी मुलाला वर्षातून कितीही वेळा सर्दी झाली तरी त्यामुळे त्याला हा आजार होत नाही. सर्दी हे आजार उलटण्याचे निमित्त असते, आजाराचे मूळ नसते, आणि घरातील मोठ्या माणसांना हे सर्वांत आधी समजावून सांगावे लागते.

घाटमाथा

शेजारच्या मुलीबद्दल तुम्ही लिहिले आहे, तसाच अनुभव आमच्या घरचा आहे म्हणून लिहितो. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिचा घसा सुजला, ताप आला आणि चार-पाच दिवसांत ती बरी होऊन खेळायला लागली. त्यानंतर दोन आठवडे उलटले असतील, तेव्हा तिने सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाल्याचे सांगितले. चेहरा थोडा फुगला होता आणि डोके दुखत होते. आम्हाला वाटले की उन्हाळा आहे, पाणी कमी पडले असेल, आणि आम्ही तिला भरपूर पाणी आणि सरबत पाजायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मात्र आधी रक्तदाब मोजला आणि तो बराच वाढलेला पाहून तिला लगेच दाखल करून घेतले. निदान झाले ते स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर होणाऱ्या मूत्रपिंडदाहाचे. पाणी आणि मीठ मोजून दिले, लघवी वाढवण्याचे आणि रक्तदाबाचे औषध दिले, आणि आठवड्याभरात ती घरी आली. स्टेरॉइड द्यावे लागले नाही आणि आजार पुन्हा उलटलाही नाही.

डॉक्टर, घसा दुखतानाच प्रतिजैविक दिले असते तर हे टळले असते का, हा प्रश्न आजही मनात येतो.

बालवैद्य

घाटमाथा, त्याची खात्री देता येत नाही. स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा सुजला असेल तर पेनिसिलिन गटातील औषधाचा पूर्ण कोर्स अवश्य द्यावा, कारण त्याने संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांना होणारी इजा टळते. मूत्रपिंडदाह मात्र औषध घेऊनही होऊ शकतो. औषधामुळे हा जंतू घरातील इतरांकडे पसरणे थांबते, हा फायदा आहेच.

सोनचाफा ताई, तुमच्या मुलाचा आजार आणि हा आजार पूर्णपणे वेगळे आहेत. फरक ओळखायला सर्वांत उपयोगी पडते ती वेळ, म्हणजे घसा आणि लघवी यांच्यामध्ये किती दिवस गेले ते. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या दाहात घसा दुखल्यापासून 1 ते 3 आठवड्यांनी लघवीचा रंग बदलतो. याच जंतूने त्वचेवर फोड आले असतील, म्हणजे पिकलेली खरूज किंवा चिघळलेले डासांचे चावे असतील, तर हे अंतर 3 ते 6 आठवड्यांपर्यंत जाते. या मधल्या काळात प्रतिपिंडा तयार होतात आणि जंतूंच्या अंशांशी त्यांचे जे संयुग बनते, ते मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचून दाह करते. रक्तातील सी3 नावाचे पूरक प्रथिन त्यात खर्च होऊन घटते आणि 6 ते 8 आठवड्यांत पूर्ववत होते. ते पूर्ववत झाले नाही, तर निदानाचा पुन्हा विचार करावा लागतो. उघड्या डोळ्यांना न दिसणारे रक्त मात्र लघवीत वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ सापडू शकते. बाकी सर्व ठीक असेल तर त्याने घाबरून जाऊ नये. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. खरा धोका पहिल्या आठवड्यात असतो, कारण वाढलेल्या रक्तदाबाने झटके येऊ शकतात आणि साठलेल्या पाण्याने फुप्फुसांवर ताण येऊन धाप लागू शकते. म्हणून अशा मुलाला आपल्या मनाने भरपूर पाणी पाजणे धोक्याचे असते.

घसा दुखत असतानाच, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली आणि पुढच्या सर्दीला पुन्हा तसेच झाले, तर आयजीए नेफ्रोपथीचा विचार करतात. फ्रान्समधील बर्जर यांनी 1968 मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यात आयजीए प्रतिपिंडा मूत्रपिंडात साचतात आणि नाकाघशाच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रतिपिंडाही याच जातीच्या असतात. याच्याच नात्यातला आजार म्हणजे आयजीए व्हॅस्क्युलायटिस. सर्दीनंतर पायांवर आणि ढुंगणावर हाताला उंचवटा जाणवणारे जांभळे ठिपके उठतात, सांधे दुखतात आणि पोटात कळा येतात. पुरळ गेले की पालक निर्धास्त होतात, पण मूत्रपिंडाचा दाह पुढच्या काही आठवड्यांत सुरू होऊ शकतो. म्हणून किमान सहा महिने अधूनमधून लघवी तपासायची आणि रक्तदाब मोजायचा असतो. या टप्प्यावर तपासणी सोडून दिलेली मुले पाहिली की मला फार वाईट वाटते, कारण ती तपासणी अगदी थोड्या पैशांची असते.

पैलतीर

मी इंग्लंडमध्ये राहते. माझ्या मुलीला हाच आजार असून ती आता अकरा वर्षांची आहे. येथे दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलांमध्ये नेफ्रॉटिक सिंड्रोमचे प्रमाण जास्त आढळते. त्यामुळे तपासणीच्या दिवशी प्रतीक्षागृहात गुजराती, पंजाबी आणि बंगाली बोलणे कानावर पडते, आणि एकदा तर चक्क मराठी ऐकू आले होते.

सर्दी झाल्याबरोबर औषध वाढवावे का, या प्रश्नावर येथे प्रेडनॉस 2 नावाची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. आजार वारंवार उलटणाऱ्या 365 मुलांना तीत घेतले होते. सर्दी सुरू झाली की निम्म्यांना सहा दिवस रोज थोड्या मात्रेत प्रेडनिसोलोन द्यायचे आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या द्यायच्या, अशी रचना होती. सर्दीनंतर आजार उलटण्याचे प्रमाण औषधाच्या गटात 42.7 टक्के आणि निष्क्रिय गोळ्यांच्या गटात 44.3 टक्के होते, म्हणजे फरक नसल्यासारखाच. त्याआधी आम्ही प्रत्येक शिंकेला धास्तावून डब्यातून गोळ्या काढत असू. ही आकडेवारी डॉक्टरांनी समोर ठेवली तेव्हा मला खरोखर सुटल्यासारखे वाटले, कारण प्रत्येक जादा गोळीचा हिशेब मुलीच्या उंचीत, डोळ्यांत आणि हाडांत होत असतो.

या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे, अशी सोनचाफा यांना विनंती आहे. आजार वारंवार उलटणाऱ्या मुलांमध्येसुद्धा निम्म्याहून अधिक सर्दींनंतर काहीही झाले नाही. आपल्या लक्षात मात्र राहते ती आजार उलटवून गेलेली सर्दी.

सोनचाफा

पैलतीर ताई, तुमचा शेवटचा मुद्दा मी मुलाच्या आजाराच्या नोंदवहीत पडताळून पाहिला आणि तो खरा निघाला. साध्या गेलेल्या सर्दींची नोंद वहीत आहे, पण मनात मात्र ती नव्हती.

डॉक्टर, आमच्याकडे मात्र सर्दीत एकाआड एक दिवसाची गोळी रोज द्यायला सांगितले आहे. मग ते चुकीचे आहे का?

बालवैद्य

चुकीचे नाही आणि येथे गोंधळ होऊ देऊ नका. दिल्लीच्या एम्समधील चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आजार वारंवार उलटत असल्यामुळे आधीच दीर्घकाळ एकाआड एक दिवस थोडे प्रेडनिसोलोन घेणारी 100 मुले होती. संसर्गाच्या काळात तीच मात्रा आठवडाभर रोज दिल्यावर संसर्गामुळे आजार उलटण्याचे प्रमाण 59 टक्क्यांनी घटलेले आढळले. इंग्लंडच्या चाचणीतील मुले निरनिराळ्या औषधांवर होती आणि काही मुले कोणत्याच औषधावर नव्हती. तेथील हवामान, संसर्गांचे स्वरूप आणि उपचारांची पद्धतही वेगळी आहे. भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा दीर्घकाळ औषध घेणाऱ्या मुलांना संसर्गात 5 ते 7 दिवस तीच मात्रा रोज देण्याचा पर्याय सुचवलेला आहे. तुमच्या डॉक्टरांनी तोच विचार केलेला दिसतो. माझे मत विचाराल, तर औषध बंद असलेल्या मुलाला केवळ नाक गळते म्हणून स्टेरॉइड सुरू करू नये, आणि औषध सुरू असलेल्या मुलाबाबत त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पद्धत पालकांनी परस्पर बदलू नये. बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड एकदम बंद करणे तर कधीच योग्य नाही. शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती त्या काळात मंदावलेली असते, आणि ऐन आजारपणात तिची गरज वाढते.

आता पट्टीविषयी. सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या भांड्यात घ्यावी, पट्टी बुडवून लगेच काढावी आणि डबीवर लिहिलेल्या वेळेनेच, बहुधा 60 सेकंदांनी, भरपूर उजेडात रंग जुळवून पाहावा. पिवळा रंग म्हणजे प्रथिने नाहीत, आणि हिरवा जितका गडद तितकी प्रथिने जास्त. डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि पावसाळ्यात हे सहज घडते. डबी फ्रिजमध्येही ठेवू नये. तापात एखाद्या दिवशी 1+ किंवा 2+ येऊन ते आपोआप नाहीसे होऊ शकते. लागोपाठ तीन दिवस 3+ किंवा त्याहून अधिक आले, तरच आजार उलटला असे धरतात. ते तीन दिवस थांबण्याने मुलाचे सहसा काही बिघडत नाही, उलट कित्येकदा स्टेरॉइडचा एक अख्खा कोर्स वाचतो. मात्र सूज दिसू लागली, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल वाटले तर तीन दिवस मोजत बसू नका.

तुळस

मी आजी आहे. नातवाला हा आजार असल्याने आम्ही केळी, दही, ताक सर्व बंद केले आहे आणि सर्दी झाली की आले-तुळशीचा काढा देतो. खोकल्याचे औषध घरात असतेच. आणखी काय पथ्य पाळावे?

बालवैद्य

आजी, दही, ताक आणि केळी यांनी विषाणू होत नाहीत. सूज नसताना मुलाला घरचे साधे आणि सकस जेवण द्यावे. स्टेरॉइड सुरू असताना दूध-दही उलट उपयोगीच असते, कारण हाडांना कॅल्शियम हवे असते. सूज असताना आवरायचे ते मीठ, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण, चिप्स आणि वरून घेतलेले मीठ. तुळस-आल्याचा सौम्य काढा थोडासा दिल्याने काही बिघडणार नाही. पण घटकांची नावे नसलेल्या पुड्या आणि ‘किडनी साफ करणारी’ भस्मे कृपा करून देऊ नका.

खोकल्याच्या औषधाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक लहान मुले दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारांसाठी आमच्या नागपुरातच आणले होते. 2022 मध्ये गांबिया देशातही असेच घडले होते. तेथे मूत्रपिंडे गेली ती संसर्गाने नव्हे, त्याच्यावरच्या औषधाने. पाच वर्षांखालील मुलांना अशा सिरपांची सहसा गरजच नसते. ताप असेल तर पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावे. आयब्युप्रोफेन गटातील औषधे मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाला विचारल्याशिवाय देऊ नयेत.

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. स्टेरॉइडने त्याचा चेहरा गोल झाला होता आणि मुले त्याला चिडवत, तेव्हा मी त्याच्या आईच्या संमतीने वर्गाला सोप्या शब्दांत समजावून सांगितले आणि चिडवणे थांबले. शाळा वर्षभर बंद ठेवू नका. घरात धाकटे भावंड असेल तर सर्दी तशीही येतेच, आणि शाळा मात्र हातची जाते. पालकांनी वर्गशिक्षकांना इतकेच कळवावे की वर्गात कांजिण्यांचा किंवा गोवराचा रुग्ण निघाला तर त्याच दिवशी आम्हाला फोन करा.

बालवैद्य

खडूफळा बाईंनी फार मोलाचे सांगितले. मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाला कांजिण्या गंभीर होऊ शकतात. संपर्कानंतरचे प्रतिबंधक उपचार लवकर द्यावे लागतात, म्हणून ‘त्याच दिवशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. शाळा सुरूच ठेवणार आहे. लसींचे शेवटचे विचारते. स्टेरॉइड सुरू असताना लस दिली तर आजार उलटतो, असे आमच्याकडे एकाने सांगितले होते. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूवरची लस त्याला दिली होती की नाही, तेही मला आठवत नाही.

बालवैद्य

लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. सरकारी कार्यक्रमात ही लस 2017 पासून काही राज्यांत आली आणि 2021 मध्ये देशभर सुरू झाली. तिच्या मात्रा सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत देतात. तुमच्या मुलाचा जन्म त्याच्या आगेमागेचा असल्याने ती राहून गेलेली असू शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही लसही आता उपलब्ध आहे. या आजारात संरक्षक प्रतिपिंडाही लघवीवाटे निघून जातात. सूज आलेल्या मुलाच्या पोटातील पाण्यात न्यूमोकोकसचा संसर्ग होणे ही जिवावरची वेळ असते. त्यामुळे सूज, ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. न्यूमोकोकसची लस आणि दर वर्षीची इन्फ्लुएंझाची टोचून द्यायची लस या दोन्हींत जिवंत जंतू नसतात, त्यामुळे स्टेरॉइड सुरू असतानाही त्या देता येतात. कांजिण्या आणि गोवर यांच्या लसी जिवंत असतात, म्हणून मोठी मात्रा सुरू असताना त्या थांबवतात आणि औषध कमी झाल्यावर देतात. लसीनंतर आजार उलटण्याच्या भीतीपोटी लस टाळण्यात शहाणपण नाही, कारण ज्या संसर्गापासून ती वाचवते त्याने आजार उलटण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

इन्फ्लुएंझाची लस पावसाळ्याआधी घ्या, आणि घरातील सर्वांनी घेतली तर आणखी चांगले. येत्या भेटीला जाताना कार्ड आणि वही दोन्ही बरोबर न्या.